माटवीची खोली: कागद टाळल्यामुळे अडलेलं एक भाडेप्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी शहरातल्या एका जुन्या कौलारू घराचं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, आळीचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील हलवले आहेत. मी घरमालकाचा वकील होतो, त्यामुळे जे लिहितोय ते त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे. दोन्ही घरांच्या संमतीनेच लिहितोय. यात कोणी वाईट माणूस नव्हता, तरी पाऊस पडत असताना एका रात्री अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या घरातली वीज तोडली गेली. हे कसं घडलं ते नीट समजून घ्यावंसं वाटतं.

पार्श्वभूमी

घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, मग माजघर, डाव्या अंगाला एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. उजवीकडच्या दोन खोल्या वर्षभर कुलूपबंद असत. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईकर आले की उघडत. मिळकत पत्रिकेवर तीन भाऊ आणि एक बहीण अशी चार नावं. थोरले नाना डोंबिवलीला राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. घराचं सगळं तेच बघत: घरपट्टी भरणं, विहिरीचा पंप दुरुस्त करणं, आणि भाडं घेणंही.

भाडेकरू महेश. मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घरात बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा इंजिनाची कामं भरपूर निघतात, पण पैसे हातात येतात ते बोट पुन्हा समुद्रात गेल्यावर. त्यामुळे जून-जुलैचं भाडं दरवर्षी थोडं मागेपुढे व्हायचं आणि नाना ते समजून घ्यायचे.

भाडं महिना ७,००० रुपये, अनामत ३०,०००. पहिल्या वर्षी स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरी केला होता. तो संपल्यावर नवा केला नाही. भाडं दरमहा फोनवरून नानांच्या खात्यात जमा व्हायचं. पावती कधी दिली-घेतली नाही.

एक गोष्ट मात्र तोंडी पक्की ठरली होती. घराण्याचा गणपती त्या माजघरातच बसतो. तुळईला चार लोखंडी कड्या आहेत आणि त्यांनाच माटवी टांगली जाते. नारळ, कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळ बांधलेली ती चौकट दुसऱ्या कुठल्या खोलीत लावायची, हा विचारच त्या घरात कोणी केलेला नाही. तेव्हा गणपतीच्या दिवसांत महेशच्या कुटुंबाने त्याच्या सासुरवाडीला जायचं आणि विसर्जनानंतर परत यायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षं तसं झालंही. महेशची बायको जाताना माजघर सारवल्यासारखं स्वच्छ करून ठेवायची, असं नानांच्या बहिणीनेच मला नंतर सांगितलं.

कागद का केला नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या गुंत्याचं मूळ इथे आहे.

मधल्या भावाचं म्हणणं होतं की नोंदणी केली तर भाडेकरू "लागेल". कोकणात हा शब्द साधा नाही. कूळ कायद्यात, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, इथल्या कितीतरी घरांच्या जमिनी कसणाऱ्याच्या नावावर गेल्या. या घराचीही एक भातजमीन अशीच गेली होती. त्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीच्या मनात सरकारी कागदावर दुसऱ्याचं नाव चढलं की मालमत्ता गेली, हे समीकरण घट्ट बसलेलं आहे. मी ते हसण्यावारी नेत नाही. पण कूळ कायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घराच्या भाड्याशी त्याचा संबंध नाही.

घरभाड्याला लागू होतो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम ५५ नेमकं उलटी गोष्ट सांगतं. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. आणि असा करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ज्या भीतीने कागद टाळला, तीच भीती कागद टाळल्यामुळे खरी होण्याची वाट मोकळी होते.

अकरा महिन्यांचा गैरसमजही याच जातीचा. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिने लिहिले की सुटलो असं लोक मानतात. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून ती सूट उरलेली नाही. अकरा महिन्यांचा असो वा तीन महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना देणारा करार नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगत असतो.

अडचण कशी वाढत गेली

मार्चमध्ये महेशने नानांना फोटो पाठवले. पडवीच्या वरच्या रीपा कुजल्या होत्या, काही कौलं सरकली होती. पावसाआधी शाकारणी हवी, असं त्याने लिहिलं. नानांचं उत्तर आलं, "मेमध्ये येतो तेव्हा बघतो."

मेमध्ये नाना पाच दिवस आले. त्या दिवसांत कोकणात सुतार आणि कौलं चढवणारे गडी मिळणं किती कठीण असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको; ज्याने त्याने महिनाभर आधी सांगून ठेवलेलं असतं. पडवीवर निळी ताडपत्री बांधून नाना परत गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या वाऱ्याने ती एका बाजूने फाटली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटे महेशची आई दूध घ्यायला पडवीत आली आणि साचलेल्या पाण्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, दीड महिना अंथरुणातून हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. माजघरात कोरडी जागा बघून तिची खाट लावली आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. तिचा छोटा पंप विजेवर चोवीस तास चालू ठेवावा लागतो.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. जुलैअखेर नानांनी नेहमीप्रमाणे फोन केला. महेश म्हणाला, "नाना, आई उठू शकत नाय. यंदा कुठे नेऊ तिला?"

नानांना ते पटलं होतं, असं मला आजही वाटतं. पण भावांच्या फोनवर चर्चा झाली आणि तिथे गोष्ट फिरली. यंदा खोली देत नाही, उद्या घर देणार नाही. कागद नाही, दोन महिन्यांचं भाडंही थकलंय. आत्ताच बाहेर काढा. धाकटे भाऊ सगळ्यात जास्त घाबरलेले होते.

माझा पहिला सल्ला, आणि तो का चुकला

नानांनी मला फोन केला तेव्हा मी दोनच प्रश्न विचारले: करार आहे का, भाडं थकलंय का. करार नाही आणि भाडं थकलंय म्हटल्यावर मी थकबाकीची नोटीस पाठवायला सांगितली आणि मसुदा दिला. माझं ऑफिस त्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी घर बघायला गेलो नाही. भाडेकरू खोली का सोडत नाही, हे विचारलं नाही. छताचा विषय तर माझ्यापर्यंत आलाच नव्हता, कारण मी तो येऊ दिला नाही.

नोटीस कायद्याला धरूनच होती. कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी दावा लावण्याआधी नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण भाडेकरू भाडं भरतोय किंवा भरायला तयार आहे तोवर त्याच कलमाने त्याला संरक्षण आहे. बोटी सुटल्या की महेश भाडं भरणार हे नानांनाही ठाऊक होतं. म्हणजे नोटिशीतून निष्पन्न काहीच होणार नव्हतं. ती पोचल्यावर झालं इतकंच की बोलणं थांबलं.

वीज तोडली ती रात्र

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारी राहणारा नानांचा चुलतपुतण्या घरी आला. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती. महेश कामावर, बायको मुलीला आणायला बालवाडीत. घरात आजी एकटीच खाटेवर. तो आत येऊन माजघराची लांबीरुंदी मोजू लागला. आजी घाबरून ओरडली. संध्याकाळी महेश त्याच्याशी भांडला. रात्री आठच्या सुमारास पुतण्याने मीटरपेटीतले फ्यूज काढून नेले आणि विहिरीचा पंपही बंद केला. "नानांनी सांगितलंय," म्हणाला. नानांनी काय सांगितलं होतं यावर नंतर दोन मतं राहिली. "जरा धाक दाखव" एवढं तरी म्हटलं होतं, हे नानांनी माझ्याकडे कबूल केलं.

हवेची गादी बसली. रात्रभर दर तासाने महेश आणि त्याची बायको आजीला कुशीवर वळवत होती, बॅटरीच्या उजेडात.

सकाळी साडेनऊला नानांचा मला फोन आला. आवाजावरून कळलं की त्यांनाही झोप लागलेली नव्हती. मी त्यांना आधी फ्यूज परत लावायला सांगितलं, पुढचं सगळं त्यानंतर. अकरा वाजता वीज आली.

हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण होता, म्हणून कायद्याची बाजू नीट सांगतो. कलम २९ प्रमाणे घरमालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कोणीही, योग्य आणि पुरेसं कारण असल्याशिवाय, भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायचा नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छतेची सोय, सगळं त्यात येतं. भाडं थकलंय म्हणून पाणी बंद करणं हे पुरेसं कारण नव्हे. भाडेकरू न्यायालयात गेला तर तातडीचा आदेश मिळतो आणि घरमालकावर गुन्ह्याचा खटलाही होऊ शकतो. "पुतण्याने केलं" ही सबब चालत नाही. कायद्याने ती वाट आधीच बंद केली आहे.

किल्लीचंही तेच. घर आपलं असलं तरी ते दुसऱ्याच्या ताब्यात दिलेलं आहे. कलम २८ घरमालकाला पाहणीचा हक्क देतं, पण आधी सूचना देऊन आणि सोयीच्या वेळी. दुसरी किल्ली ठेवणं वेगळं आणि ती लावून आत जाणं वेगळं.

समोर कोणते मार्ग होते

दोन दिवसांनी मी नाना आणि दोन्ही भावांना ऑफिसात बसवलं; बहीण पुण्याहून फोनवर होती.

पहिला मार्ग भावांना हवा होता: सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली असा अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. घरमालकाच्या हातातलं हे सगळ्यात वेगवान हत्यार आहे. पण ते लेखी कराराच्या पायावर उभं आहे. आमच्याकडे एक मुदत संपलेला, नोंदणी नसलेला नोटरीचा कागद, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने निमूट स्वीकारलेलं भाडं. महेशने "मी भाडेकरूच आहे" म्हटलं तर कलम ५५ त्याच्या बाजूने उभं राहणार होतं. या अर्जावर मी भरवसा ठेवू शकत नव्हतो.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा. स्वतःच्या राहण्यासाठी वाजवी आणि खरी गरज हे कलम १६ मधलं एक कारण आहे. पण वर्षातले सात दिवस एक खोली हवी, ही गरज न्यायालयापुढे अख्खं घर रिकामं करून मागण्याइतकी ठरेल असं मला वाटलं नाही. शिवाय न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून बघतं, आणि दुसऱ्या पारड्यात आजीची खाट होती.

पोलिसांकडे जायचा विषय धाकट्या भावांनी काढला. तो तिथेच संपवला. ताब्याचा वाद दिवाणी आहे, आणि त्या आठवड्यात तक्रार देण्यासारखं खरं कारण महेशकडे होतं.

मग मी त्यांना महेशच्या हातात काय काय आहे ते सांगितलं. हे सांगणं माझ्या पक्षकाराला अप्रिय होतं, पण ते न सांगता निर्णय घ्यायला लावणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे कलम १४ ने घरमालकाचं कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची सूचना देऊनही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. इथे ८४,००० चा चौथा हिस्सा म्हणजे २१,००० रुपये. एवढ्यात छप्पर होणार नव्हतं, पण मार्चमधले फोटो आणि "मेमध्ये बघतो" हे नानांचं उत्तर दोन्ही त्याच्या फोनमध्ये होतं. आजीच्या पडण्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा झाला असता तर पहिली दोन पानं त्यांचीच असती.

तेव्हा फोनवरून बहिणीने एकच विचारलं, "पडवीत पाणी कुठून येत होतं?"

कोणी उत्तर दिलं नाही. माझ्या मते तडजोड तिथे ठरली. पुढचं फक्त लिहायचं राहिलं होतं.

काय केलं

आधी पाहणी. महेशला दोन दिवस आधी निरोप दिला, रविवारी सकाळी अकराची वेळ ठरवली, तो घरी असताना गेलो. मी, नाना, एक सुतार आणि एक वायरमन. स्वयंपाकघराच्या दारात महेशची बायको उभी होती. वायरमनने दिवा लावायला सांगितलं तेव्हा तिने भिंतीला टेकवलेला जेवणाचा पाट घेतला, जमिनीवर ठेवला, त्यावर उभी राहिली आणि मग बटण दाबलं. आम्ही बघत राहिलो. "भिंत ओली असली की झिणझिण्या येतात," ती म्हणाली. "मुलीला हात लावू देत नाही." वायरमनने बोर्ड उघडला, आत पाणी झिरपलेलं होतं आणि अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. नाना त्या पाटाकडे बराच वेळ बघत होते. तो पाट त्यांच्याच आईचा होता, कुलूपबंद खोलीतून कधीतरी वापरायला दिलेला.

छपराचा अंदाज ४१,००० रुपये निघाला, वायरिंगचा १३,५००. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं यंत्र त्यात धरलं होतं.

दरम्यान महेशच्या बायकोने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे तिला वकील मिळाली, आणि याचा आम्हालाच फायदा झाला. दुसऱ्या बाजूलाही कायदा कळणारं कोणीतरी असलं की बोलणी भीतीवर चालत नाहीत. दावा न लावताच प्रकरण तिथे ठेवलं. दोन बैठका झाल्या. ठरलं ते असं: छप्पर आणि वायरिंग मालकांच्या खर्चाने, ताबडतोब, आजीच्या औषधोपचारासाठी २५,००० रुपये, आणि त्या पडण्याबद्दल पुढे दावा नाही, थकलेलं भाडं महेशने ऑक्टोबरअखेर दोन हप्त्यांत द्यायचं, सप्टेंबरचं भाडं माफ, पुतण्याकडची किल्ली परत. ही तडजोड लोकअदालतीत नोंदवून घेतली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून मला साध्या कागदापेक्षा हे बरं वाटलं.

गणपतीचा प्रश्न मात्र कलमांनी सुटला नाही. तो महेशच्या आईने सोडवला. डावीकडच्या खोलीवरचं छप्पर आधी करा, म्हणाली, मग माझी खाट तिकडे न्या; माजघर मोकळं होईल. "बाप्पा आला की मला खाटेवरून दिसेल तरी." ऑगस्टच्या शेवटी चार दिवस उघडीप मिळाली. गड्यांनी आधी ती खोली केली, मग पडवी.

निष्पत्ती

माटवी त्याच कड्यांना लागली. पाहुणे उजवीकडच्या दोन खोल्यांत आणि शेजारी राहिले, महेशचं कुटुंब डावीकडच्या खोलीत. स्वयंपाकघर पहिल्या दिवशी थोडं अवघडलेलं होतं, तिसऱ्या दिवशी नव्हतं, असं बहिणीने सांगितलं. गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर माजघर महेशच्या ताब्यात परत गेलं.

ऑक्टोबरमध्ये चोवीस महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला. तीन भावंडांनी नानांना त्यासाठी लेखी अधिकार दिला. चार मालकांच्या घरात एकट्याच्या सहीने करार करणं म्हणजे पुढच्या भांडणाचं बी पेरणं. मुद्रांक शुल्काचा हिशेब लोकांना फार मोठा वाटतो म्हणून सांगतो: चोवीस महिन्यांचं भाडं १,६८,०००, परत करायच्या अनामतीवर १० टक्क्यांनी दोन वर्षांचं धरलेलं व्याज ६,०००, एकूण १,७४,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ४३५ रुपये. नोंदणी फी धरूनही दीड हजाराच्या आत. न केलेल्या त्या कागदापायी भावंडांच्या खिशातून गेलेली रक्कम तुम्हीच मोजा.

करारात तीन गोष्टी मुद्दाम सविस्तर लिहिल्या. पावसाआधीची शाकारणी मालकाची, १५ मेपर्यंत. बटण-नळ अशी किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची. परवान्याच्या करारात दुरुस्ती कोणाची हे लिहिलंच पाहिजे, कारण कलम १४ "भाडेकरू" या शब्दावर बोलतं आणि लायसन्सवर राहणाऱ्याला ते आपोआप मिळेल असं धरून चालता येत नाही. दुसरी, गौरी-गणपतीचे दिवस: माजघर मालकांना, त्या महिन्याचं निम्मं भाडं कमी, आणि घरात कोणी आजारी असेल तर डावीकडची खोली भाडेकरूकडेच. तिसरी, अनामत परत करायची मुदत आणि कशाकशाची कपात करता येईल. आदर्श भाडेकरार अधिनियम, २०२१ मध्ये राहत्या घराच्या अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण आपल्याकडे १९९९ चाच अधिनियम चालतो. त्यामुळे अनामतीबद्दल जे काही आहे ते करारातच असायला हवं.

करारासोबत भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात दिली. भाड्याच्या पावत्या आता फोनवरच जातात, पण जातात. कलम ३१ चा हा भाग लोक विसरतात: घेतलेल्या पैशाची पावती देणं मालकाचं काम आहे, मागितली नाही तरी. भाड्याचं उत्पन्न चौघांत वाटून विवरणपत्रात दाखवायचं, हेही ठरलं. आधी सगळं नानांच्या खात्यात दिसत होतं आणि प्राप्तिकर त्यांनाच पडत होता, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

नानांनी मार्चमध्ये सुतार सांगून ठेवला असता तर यातलं काहीच झालं नसतं. त्या वेळी खर्च वीस हजारांच्या आत होता, असं सुताराचंच म्हणणं. कुजकी रीप पावसात राहिली की वासा घेऊन जाते. लांब राहणाऱ्या मालकांनी भाड्यातला एक हिस्सा घराच्या नावाने बाजूला ठेवावा आणि गावातल्या एखाद्या कारागिराशी वर्षाचं ठरवून टाकावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. शेजारच्या नातेवाइकावर सोपवायचं असेल तर त्याला काय करायचं नाही हेही सांगून ठेवावं.

महेशलाही एक सांगितलं, त्याच्या वकीलबाईंच्या समोर. मार्चचा निरोप फोटोंसह पाठवला हे उत्तम केलं, पण मेअखेर काम झालं नाही तेव्हा पंधरा दिवसांची लेखी सूचना पोस्टाने पाठवायला हवी होती. माणूस चांगला आहे म्हणून त्याने ती पाठवली नाही. पाठवली असती तर नानांना राग आला असता आणि छप्पर झालं असतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर आता घरमालकाची नोटीस लिहिण्याआधी मी घर बघून येतो. शहरातलं असेल तर त्याच दिवशी. गावातलं असेल तर आधी ते कोणत्या कायद्याखाली येतं ते तपासतो, कारण १९९९ चा अधिनियम त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागू होतो. बाहेरच्या खेड्यांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम बघावा लागतो आणि तिथे भाडेकरूचं संरक्षण बरंच कमी आहे. ते कमी आहे म्हणून मालकाने ताडपत्रीवर भागवावं, असं मात्र मी कोणाला सांगणार नाही.

एक बाब अजून अर्धवट आहे. वीजजोडणी नानांच्या वडिलांच्याच नावावर आहे. ती वारसांच्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौघांच्या सह्यांसाठी पुण्याहून डोंबिवलीला फिरतोय. यंदा ८ मे रोजी महेशने मला एक फोटो पाठवला: पडवीवर दोन गडी, खाली नव्या कौलांची रास, आणि काठी टेकून उभी असलेली आजी त्यांना काहीतरी सांगतेय.